ओव्हनमध्ये भाजलेले कुरकुरीत बटाटे

अर्धवट उकडलेल्या बटाट्याच्या फोडी तेलातुपात घोळून २०० ते २२० अंश सेल्सिअस कोरड्या उष्णतेत भाजून केलेला पदार्थ. बाहेर जाड, खुसखुशीत कवच आणि आत भुसभुशीत गर ही त्याची खूण. लसूण आणि रोझमेरी, थाईम, सेज, ओरेगॅनो यांसारखा सुगंधी पाला हा त्याचा नेहमीचा जोडीदार. पदार्थ मूळचा युरोपातला. ठाणे आणि नवी मुंबईतल्या घरांत ओटीजी (ओव्हन-टोस्टर-ग्रिल), कन्व्हेक्शन मायक्रोवेव्ह आणि अलीकडे एअर फ्रायर आल्यावर तो इथे नेहमीच्या स्वयंपाकात शिरला. पार्टीच्या ताटात तो असतोच, पण वरणभाताबरोबर काचऱ्यांच्या जागीही तो छान लागतो.

बटाटा दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतातला. भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर तो पोर्तुगीजांनी आणला असे मानले जाते. ओव्हनमध्ये भाजण्याच्या रीती मात्र युरोपात घडल्या. इंग्लंडमध्ये रविवारच्या जेवणात मांसाच्या भाजणीबरोबर बटाटे त्याच चरबीत भाजतात. तिथे गोमांसाची किंवा हंसाची चरबी वापरण्याची पद्धत आहे. इटलीत ऑलिव्ह तेल आणि रोझमेरी, तर ग्रीसमध्ये लिंबाचा रस आणि ओरेगॅनो घालतात. ग्रीक पद्धतीत रस्सा मुरतो, त्यामुळे ते बटाटे मऊसर होतात. कुरकुरीतपणा हवा असेल तर इंग्रजी पद्धत धरावी: आधी उकडणे, मग फोडींचा पृष्ठभाग खरबरीत करणे, मग कडक तापलेल्या तेलातुपात भाजणे.

बटाट्याची निवड

कृती तंतोतंत पाळूनही बटाटे मऊ, काळपट निघाले तर दोष बहुधा बटाट्याचाच असतो. बटाट्यात पाणी सोडून जे उरते त्याला शुष्कांश म्हणतात आणि त्यात मुख्यतः पिष्ट, म्हणजे स्टार्च असते. शुष्कांश २० टक्क्यांच्या वर असेल तर फोड आतून भुसभुशीत होते आणि कवच जाड बसते. कमी असेल तर फोड चिकट, ओलसर राहते. सिमल्याच्या केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेने १९९८ मध्ये आणलेले कुफ्री चिपसोना-१ आणि चिपसोना-२ हे वाण वेफरच्या कारखान्यांसाठी होते, पण ओव्हनलाही तेच सर्वांत चांगले. कुफ्री ज्योती (१९६८) मध्यम. कुफ्री पुखराज लवकर येणारा आणि भरघोस पिकणारा, पण पाणी जास्त. तो रस्साभाजीसाठी ठेवावा.

किरकोळ बाजारात वाणाचे नाव कोणी सांगत नाही. ठाण्याच्या जांभळी नाक्यावर किंवा वाशीच्या सेक्टरमधल्या भाजी मंडईत बटाटा गावाच्या नावाने ओळखला जातो: आग्रा, इंदोर, तळेगाव. माल बहुतेक तुर्भ्याच्या एपीएमसीतल्या, म्हणजे कृषी उत्पन्न बाजार समितीतल्या, कांदा-बटाटा बाजारातून येतो. उत्तर प्रदेश आणि गुजरातचा बटाटा थंडीत लावून जानेवारी ते मार्चमध्ये काढतात आणि पुढचे कित्येक महिने शीतगृहातून बाहेर पडतो. माळव्यातला इंदोरचा बटाटा वेफरवाल्यांचा आवडता, कारण त्यात शुष्कांश जास्त आणि साखर कमी. पुणे जिल्ह्यातल्या आंबेगाव तालुक्यात सातगाव पठारावर बटाटा पावसाळ्यात लावतात. तो सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास बाजारात येतो.

शीतगृहाची अडचण साखरेची आहे. २ ते ४ अंशांच्या थंडीत बटाट्यातले काही पिष्ट साखरेत बदलते. असा बटाटा भाजीत गोड लागतो, हे घरोघरी माहीत आहे. ओव्हनमध्ये त्याचे नुकसान अधिक, कारण साखर लवकर करपते: कवच धरायच्या आधीच फोड काळी पडते, आतले पाणी तसेच राहते आणि पुढे भाजायला वावच उरत नाही. १० ते १२ अंशांत, कोंब रोखण्याची प्रक्रिया करून ठेवलेल्या मालात साखर कमी राहते. घाऊक बाजारात त्याला शुगर फ्री बटाटा म्हणतात आणि भाव थोडा चढा असतो. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये ओव्हनसाठी बटाटे घेताना हाच मागून घ्यावा, चार पैसे जास्त गेले तरी. गोड बटाटा गळ्यात पडलाच तर आठवडा-दोन आठवडे फ्रिजबाहेर, अंधाऱ्या आणि हवेशीर जागी ठेवावा. साखर काही अंशी पुन्हा पिष्टात बदलते. कच्चा बटाटा घरच्या फ्रिजमध्येही ठेवू नये, कारण तेच.

घरी पारखण्याची एक सोपी रीत आहे. अकरा वाट्या पाण्यात एक वाटी मीठ विरघळवून त्यात बटाटा सोडावा. पिठूळ बटाटा बुडतो, पाणचट बटाटा तरंगतो. डिसेंबर-जानेवारीतला नवा, पातळ सालीचा बटाटा बहुधा तरंगतो. तो उकडून लोण्यात परतावा. ओव्हनमधून त्याच्याकडून कुरकुरीतपणाची अपेक्षा धरू नये.

कवच कसे तयार होते

पिष्टाचे कण पाण्यात साधारण ६० अंशांच्या पुढे फुगतात आणि चिकट होतात. उकडताना फोडीच्या बाहेरच्या थरात हेच घडते. त्याच वेळी पेशींना धरून ठेवणारे पेक्टिन सुटू लागते. मग फोडी चाळणीत हलवल्या की बाहेरचा थर विस्कटून त्यावर लापशीसारखा पिठूळ लेप चढतो. ओव्हनमध्ये या लेपातले पाणी निघून जाते आणि वाळलेले पिष्ट काचेसारखे कडक होते. पृष्ठभाग जितका खरबरीत, तितकी तेल लागायला आणि वाफ निघायला जागा जास्त. चाकूने कापलेल्या गुळगुळीत कच्च्या फोडी थेट ओव्हनमध्ये टाकल्या तर वरची साल ताणून चामट होते, ती याच कारणाने.

उकळत्या पाण्यात खाण्याचा सोडा घातल्यास पेक्टिन लवकर सुटते, कारण पाणी अल्कधर्मी होते. आंबटपणाचा परिणाम उलटा: रस्साभाजीत टोमॅटो किंवा आमसूल आधी पडले की बटाटा शिजता शिजत नाही, त्यामागे हेच पेक्टिन आहे. बोअरवेलच्या जड पाण्यातल्या कॅल्शियमनेही ते घट्ट होते. घोडबंदर रस्त्यावरच्या ज्या सोसायट्यांत टँकरचे किंवा बोअरचे पाणी येते तिथे सोड्याची चिमूट अधिक उपयोगी पडते.

सोनेरी रंग आणि भाजल्याचा खमंग वास मायार प्रक्रियेतून येतो. लुई-कामीय मायार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १९१२ मध्ये तिचे वर्णन केले. अमिनो आम्ले आणि साखर यांच्यातली ही प्रक्रिया १४० अंशांच्या पुढे जोर धरते. पाणी शिल्लक असेपर्यंत पृष्ठभाग १०० अंशांच्या फार वर जात नाही. म्हणून आधी कोरडे होणे, मग रंग धरणे, हा क्रम चुकवता येत नाही.

कृती

एक किलो बटाटे सोलून तीन-चार सेंटिमीटरच्या फोडी कराव्यात. दोन लिटर पाण्याला उकळी आणून त्यात एक मोठा चमचा मीठ आणि अर्धा छोटा चमचा सोडा घालावा. सोडा यापेक्षा जास्त झाला तर साबणासारखी चव येते. फोडी आठ ते दहा मिनिटे उकडाव्यात. सुरी आत सहज जायला हवी, पण फोड मोडायला नको. कुकरमध्ये हे साधत नाही, शिटी एखादी जास्त झाली की भरीतच होते. पाणी निथळून फोडी चाळणीत पाच मिनिटे उघड्या ठेवाव्यात. वाफ निघून कडा पांढुरक्या, कोरड्या दिसू लागतात. हा टप्पा घाईत गाळला जातो आणि निम्मा कुरकुरीतपणा तिथेच जातो.

मग चार-पाच मोठे चमचे तेल किंवा पातळ तूप आणि मीठ घालून, पातेल्यावर झाकण धरून चांगले हलवावे. शेंगदाण्याचे रिफाइंड तेल आणि साजूक तूप दोन्ही २२० अंशांना टिकतात. लोण्यातला दुधाचा अंश जळतो. तुपाने कवच अधिक खुसखुशीत होते आणि वासही वेगळाच येतो. निवड करायचीच तर तूप घ्यावे.

ट्रे ओव्हनमध्येच तापवावा. ओटीजी दोन्ही कॉइल लावून २२० अंशांवर पंधरा मिनिटे आधी चालू करावा. फोडी एका थरात, एकमेकींना न चिकटता मांडाव्यात. २८ लिटरच्या ओटीजीत एका वेळी ६०० ते ७०० ग्रॅमच नीट मावतात. एक किलो कोंबले तर वाफ अडकते आणि फोडी भाजल्या न जाता उकडतच राहतात. वीस मिनिटांनी दार उघडून वाफ जाऊ द्यावी आणि पातळ उलथन्याने फोडी पलटाव्यात. पलटताना ट्रेला चिकटत असतील तर अजून पाच मिनिटे थांबावे. कवच धरले की त्या आपोआप सुटतात. पुढे आणखी वीस ते तीस मिनिटे लागतात. एअर फ्रायरमध्ये २०० अंशांवर वीस-पंचवीस मिनिटे पुरतात, पण तिथे मावतात थोडे.

घरगुती ओटीजी १,५०० ते २,००० वॅटचा असतो. जुन्या इमारतींत स्वयंपाकघरात मोठ्या पिनेचे, १६ अँपिअरचे सॉकेट नसेल तर ते आधी बसवून घ्यावे. एक्स्टेन्शन बोर्डावर तो चालवू नये.

सुगंधी पाला

पाला सुरुवातीलाच फोडींवर पसरून सगळे एकदम ओव्हनमध्ये ठेवण्याची पद्धत सर्वत्र दिसते आणि ती चुकीची आहे. पाऊण तासाच्या उष्णतेत रोझमेरीसारखे चिवट पानही काळे पडून कडवट होते. लसणाचे तर विचारायलाच नको. त्याऐवजी तेल किंवा तूप मंद आचेवर तापवून त्यात बारीक चिरलेला लसूण आणि पाला दोन-तीन मिनिटे, लसूण जेमतेम बदामी होईपर्यंत परतावा आणि गाळून घ्यावा. सुगंध तेलात उतरतो. ते तेल फोडींना लावावे आणि गाळलेला लसूण-पाला बटाटे ओव्हनमधून काढल्यावर वरून घालावा. सुका ओरेगॅनो तर फक्त शेवटीच.

रोझमेरी आणि थाईम वाशी-ठाण्याच्या मोठ्या दुकानांत थर्माकोलच्या ताटलीत, प्लॅस्टिकने गुंडाळलेले मिळतात. घाऊक बाजारात हा माल इंग्लिश भाजी म्हणून ओळखला जातो. रोझमेरी कुंडीतही लागते, पण ती भूमध्य सागराच्या कोरड्या काठावरची. जूनमध्ये बाल्कनीत पावसाचे शिंतोडे आणि ओली माती मिळाली की खालच्या काड्या तपकिरी होतात, मग मुळे कुजतात. कुंडी छपराखाली, वाळूमिश्रित मातीत ठेवली तरच ती पावसाळा काढते.

मिळाली नाही म्हणून अडायचे कारण नाही. थाईमचा ओळखीचा वास ज्या थायमॉलचा, तेच थायमॉल आपल्या ओव्यात भरपूर असते. एक किलो बटाट्याला अर्धा छोटा चमचा भरडलेला ओवा गरम तुपात टाकला तर चव थाईमच्या बरीच जवळ जाते, फक्त अधिक ठसठशीत. भज्यांसाठी घरोघरी कुंडीत लावलेल्या पानओव्यातही थायमॉल आणि त्याचे भावंड कार्व्हाक्रॉल असते. मात्र ही पाने मांसल आणि पाणीदार असतात. ती फोडींवर कच्ची टाकली तर कवच ओले करतात. बारीक कातरून तुपात कडक तळावीत आणि शेवटी चुरून घालावीत.

तिसरा आणि सर्वांत दुर्लक्षित पाला मरव्याचा. गजऱ्यात, वेणीत गुंफला जाणारा मरवा म्हणजे युरोपीय स्वयंपाकातला मार्जोरम, ओरेगॅनोच्याच वंशातला. बटाट्याशी त्याचे फार छान जमते: गोडसर, किंचित कापरासारखा वास, आणि ओव्यासारखा तो सगळ्यावर कुरघोडी करत नाही. फुलबाजारातला मरवा खाण्यासाठी पिकवलेला नसतो, त्यावर फवारणी असू शकते. म्हणून रोपवाटिकेतून रोप आणून, काही आठवडे घरी वाढवून, नव्या फुटीची पानेच वापरावीत. दवणा मात्र वेगळ्या कुळातला आणि कडू. त्याच्या वाटेला जाऊ नये.

उपवासाला तूप, जिरे आणि हिरवी मिरची घालून हेच बटाटे करता येतात; सोड्याऐवजी तेव्हा उकडण्याचा वेळ दोन-तीन मिनिटे वाढवावा.

पोपटी

सुगंधी पाल्यात बटाटा भाजण्याची या भागाची स्वतःची रीतही आहे. पनवेल, उरण, पेण, अलिबाग या पट्ट्यात थंडीत गावठी वालाच्या शेंगा आल्या की पोपटी लावतात. खारघर, कामोठे, नवीन पनवेल ही नवी मुंबईची दक्षिणेकडची उपनगरे याच पनवेल तालुक्यातली. मडक्याच्या तळाशी भांबुर्डी या रानवनस्पतीचा पाला, त्यावर शेंगा, बटाटे, रताळी, अंडी, कोणी मसाला लावलेली कोंबडी, मीठ आणि ओवा. तोंड पुन्हा पाल्याने बंद. मडके उपडे ठेवून भोवती पेंढा, गोवऱ्या, लाकडे पेटवतात. पाणी घालत नाहीत. शेंगांच्या आणि पाल्याच्या वाफेवर सगळे शिजते, त्यामुळे बटाट्याला कवच येत नाही, पण भांबुर्डीचा उग्र, रानवट वास गरापर्यंत मुरतो. ओव्हनमधल्या कोणत्याही पाल्याला ते साधलेले नाही. पोपटीतले उरलेले बटाटे दुसऱ्या दिवशी फोडी करून, तुपात घोळून ओव्हनमध्ये भाजले तर दोन्ही गोष्टी मिळतात.

रंग आणि साठवण

पिष्टमय पदार्थ १२० अंशांच्या वर कोरडे भाजताना किंवा तळताना अ‍ॅक्रिलामाइड तयार होते, हे स्वीडनमधल्या संशोधकांनी २००२ मध्ये दाखवले. प्राण्यांवरील प्रयोगांत ते कर्कजनक आढळले आहे. म्हणून बटाटे सोनेरी रंगावर काढावेत, तपकिरीवर नेऊ नयेत. आधी उकडल्याने पृष्ठभागाची साखर पाण्यात जाते, तिथेही थोडा फायदा होतो. हिरवट पडलेल्या बटाट्यात सोलॅनिन हे विषारी द्रव्य असते. हिरवा भाग खोल कापून टाकावा, फार हिरवा असेल तर बटाटाच टाकावा.

कवचातले पिष्ट हवेतला ओलावा ओढून घेते, आणि खाडीकाठच्या ठाणे आणि नवी मुंबईत जुलै-ऑगस्टमध्ये तो भरपूर असतो. अर्ध्या तासात बटाटे लिबलिबीत होतात. झाकण घातले तर त्याहून लवकर. पाहुणे येणार असतील तर फोडी सकाळीच उकडून, हलवून, तेल लावून ताटात उघड्या फ्रिजमध्ये ठेवाव्यात. फ्रिजच्या कोरड्या हवेत पृष्ठभाग आणखी सुकतो आणि आयत्या वेळी भाजलेले कवच ताज्यापेक्षाही चांगले येते. भाजून उरलेले बटाटे मायक्रोवेव्हमध्ये गरम करू नयेत. २०० अंशांवर आठ-दहा मिनिटांत ते पुन्हा कुरकुरीत होतात.