१०८ टक्के कार्यक्षमता कुठून येते?

घर गरम ठेवणाऱ्या बॉयलरच्या जाहिरातीत कधी कधी ‘कार्यक्षमता १०८ टक्के’ असं छापलेलं दिसतं. ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम कोणी मोडलेला नाही. गोम हिशेबात आहे.

यंत्रणा तशी सरळ. बॉयलरमध्ये गॅस जळतो, पंप तापलेलं पाणी खोल्याखोल्यांतल्या रेडिएटरमधून फिरवतो आणि निवलेलं पाणी परतीच्या नळीने पुन्हा बॉयलरकडे येतं. खरी गंमत या परतीच्या नळीत आहे.

मिथेन जळला की कार्बन डायऑक्साइडबरोबर पाण्याची वाफही होते. १६ ग्रॅम मिथेनमागे ३६ ग्रॅम, म्हणजे किलोमागे सव्वादोन किलो पाणी! ही वाफ धुराड्यातून तशीच निसटली, तर किलोमागे सुमारे ५० मेगाज्यूल उष्णता मिळते. वाफेचं पाणी करता आलं, तर तिच्यात दडलेली उष्णता (अप्रकट उष्मा), म्हणजे आणखी साडेपाच मेगाज्यूल, पदरात पडते. जाहिरातवाले ही वसुली मिळकतीत धरतात, भागतात मात्र ५० नेच. ५५.५ ने भागा, १०८ चे ९७ होतात.

पण वाफेचं पाणी होणार कधी? या धुराचा दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाखाली वाफेचं पाणी होऊ लागतं तो, ५५ अंश सेल्सिअसच्या आसपास असतो. धूर ज्या हीट एक्सचेंजरवरून (धुराची उष्णता पाण्याला देणाऱ्या भागावरून) जातो, त्यातच परतीचं पाणी शिरतं. ते ६५ अंशांवर असेल तर थेंबही जमत नाही आणि कंडेन्सिंग बॉयलर, म्हणजे वाफेचं पाणी करून घेणारा बॉयलर, साध्या बॉयलरसारखाच वागतो. ५० अंशांना थोडी वाफ पाणी होते, ३० ला बहुतेक सगळी. म्हणजे ‘बॉयलर जितका गरम तितका चांगला’ ही समजूत इथे उलटी पडते. अर्थात फुकट काही नाही. खोली २० अंशांवर असताना ७५ ने जाऊन ६५ ने परतणारं पाणी रेडिएटरमधून जेवढी उष्णता देतं, त्याच्या जेमतेम निम्मी ५५–४५ वर मिळते, कारण ती तापमानातल्या फरकाच्या साधारण १.३ व्या घाताच्या प्रमाणात बदलते. रेडिएटर मोठे हवेत, नाहीतर जास्त वेळ चालवावे लागतात.

आणखी एक चोर म्हणजे पंपाजवळचा रेडिएटर. पाणी जवळच्या वाटेने धावतं आणि न निवताच परततं. या रेडिएटरच्या परतीच्या टोकाला टोपीखाली एक व्हॉल्व्ह असतो, तो आवळायचा; सर्वांत दूरच्याचा पूर्ण उघडा ठेवायचा.

धुरातून जमलेल्या पाण्याचा सामू (pH) ३ ते ५, म्हणजे आम्लधर्मी असतो, म्हणून ते वाहून नेणारी नळी तांब्याची नको, प्लॅस्टिकची हवी. ही नळी घराबाहेर कडाक्याच्या थंडीत गोठली, तर पाणी तुंबून बॉयलर बंद पडतो. अशा वेळी तिच्यावर कोमट पाणी ओतायचं, उकळतं नाही.