जुन्या मोटारसायकलींचे पत्राकाम (ग्रामीण विदर्भ)

जुन्या मोटारसायकलीची पेट्रोल टाकी, मडगार्ड, साइड बॉक्स, चेनकव्हर, हेडलाइटची डूम इत्यादी बाह्य भाग मिळवणे, त्यांचा गंज काढून ठोके सरळ करणे आणि त्यांवर मूळच्या धाटणीचा रंग किंवा क्रोम चढवणे, या कामांना मिळून ‘पत्राकाम’ म्हटले जाते. इंजिनाचे बहुतेक सुटे भाग आजही थोड्याफार शोधाने मिळतात. खरी अडचण पत्र्याची असते.

विदर्भाच्या खेड्यांत हे काम प्रामुख्याने एस्कॉर्ट्सची १७५ सीसी राजदूत, मद्रासची बुलेट आणि म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यात १९६१ ते १९९६ या काळात तयार झालेल्या जावा व येझदी या गाड्यांवर होते. येझदी हे नाव १९७३ पासूनचे आहे. दुधाचे कॅन वाहिलेल्या राजदूतचे साइड बॉक्स घासून चेपलेले असतात, तर रासायनिक खताची पोती ज्या गाडीवरून शेतावर गेली तिच्या कॅरिअरखालचे मागील मडगार्ड क्षारांमुळे सडलेले असते. कपाशीच्या काळ्या जमिनीतील चिकण माती मडगार्डच्या आत थापली जाते आणि ओल धरून ठेवते. त्यामुळे वरचा रंग शाबूत दिसत असतानाच पत्रा आतून चाळणीसारखा होतो. अकोला, अमरावती व बुलढाणा जिल्ह्यांतील पूर्णा खोऱ्याच्या खारपाणपट्ट्यात बोअरच्या खारट पाण्याने धुतलेल्या गाड्यांना गंज लवकर लागतो. म्हणून भाग विकत घेताना मडगार्ड उलटे करून आतून टोकदार वस्तूने टोचून पाहणे, हीच खरी परीक्षा होय.

भाग शोधण्याची सुरुवात गावातील भंगारवाला, बंद पडलेले गॅरेज आणि गोठा यांपासून होते. गोठ्यात कुटाराच्या (जनावरांच्या वाळल्या चाऱ्याच्या भुशाच्या) ढिगाआड वर्षानुवर्षे उभी असलेली गाडी पुष्कळदा दिसते त्याहून चांगली निघते, परंतु शेणामुताच्या ओलीशी संबंध आलेला तिचा खालचा भाग बहुधा गेलेला असतो. त्यापुढे पुण्याचा जुना बाजार, दिल्लीतील करोल बाग किंवा चेन्नईतील पुदुपेट येथे शोध घ्यावा लागतो. नवे डुप्लिकेट मडगार्ड स्वस्त असते, पण त्याचा पत्रा बहुधा पातळ असतो आणि बोल्टची भोके जुळत नाहीत. अर्धे सडलेले मूळ मडगार्ड वाचवणे अधिक श्रेयस्कर. सडलेला तुकडा कापून त्याच जाडीचा पत्रा झाळला की गोलाई कायम राहते.

जुना रंग काढण्यासाठी पेंट रिमूव्हर वापरतात. कॉस्टिक सोडा लोखंडी पत्र्यावर चालतो, मात्र ॲल्युमिनियमचा भाग त्यात टाकल्यास तो विरघळू लागतो. वाळूचा मारा फ्रेमला मानवतो. टाकीचा किंवा साइड बॉक्सचा पातळ पत्रा त्याने वाकतो. उरलेल्या गंजावर फॉस्फरिक आम्लाचे द्रावण लावल्यास गंजाचे लोह फॉस्फेटमध्ये रूपांतर होते. टाकीला झाळ देण्यापूर्वी ती धुऊन छिद्राच्या किंचित खालपर्यंत पाण्याने भरणे अत्यावश्यक आहे, कारण वर्षानुवर्षे रिकाम्या टाकीतही पेट्रोलची वाफ उरते आणि ती स्फोटाला पुरेशी असते. ठोके हातोडी व आतून धरलेल्या ठोकळ्याने काढावेत. लांबी (पुट्टी) केवळ उरलेल्या किरकोळ खळग्यांसाठी असते. ती जाड थापली, तर खेड्यातील रस्त्यांच्या हादऱ्यांनी तडकते.

जावा व येझदीच्या टाकीच्या बाजूंना क्रोम असतो आणि तिथेच खर्च वाढतो. क्रोमचा थर साधारणपणे एका मायक्रॉनहूनही पातळ असतो, म्हणून गंजापासूनचे संरक्षण मुख्यतः त्याखालच्या निकेलच्या थरावर आणि त्याआधीच्या बफिंगवर अवलंबून असते. या प्रक्रियेतील षट्संयुजी क्रोमियम विषारी असल्यामुळे ते गावातल्या गॅरेजात करण्याचे काम नव्हे. भाग शहरातील प्लेटिंगवाल्याकडेच पाठवावे लागतात.

रंगकामाचे वेळापत्रक हवामान ठरवते. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर गेला की थिनर हवेतच उडतो आणि रंग खरखरीत बसतो. पावसाळ्यात ड्युको रंगावर (थिनर उडून झटपट वाळणाऱ्या लॅकरवर) हवेतील ओलाव्याने पांढुरकी झाक येते. दिवाळीनंतरचे महिने त्यामानाने अनुकूल, परंतु जवळ जिनिंग कारखाना असल्यास हंगामात ओल्या रंगावर रुईचे तंतू चिकटतात. हार्डनर मिसळलेल्या पीयू (पॉलियुरेथेन) रंगातील आयसोसायनेट श्वसनास घातक असते आणि तोंडाला बांधलेला दुपट्टा त्यापासून मुळीच संरक्षण देत नाही.

टाकी किंवा मडगार्ड बदलल्याने गाडीची ओळख बदलत नाही. ती चॅसिस व इंजिन क्रमांकांवर ठरते, आणि वाळूच्या माऱ्यात वा घासकामात हे क्रमांक पुसट होऊ नयेत म्हणून ते आधी झाकतात. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुनी आणि मूळ रूपात राखलेली दुचाकी ‘व्हीए’ मालिकेत नोंदवता येते; नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये आहे. मात्र अशी गाडी रोजच्या वापरात आणता येत नाही, आणि म्हणूनच शेतावर जाण्यासाठी राजदूत ठेवणाऱ्याला ही नोंदणी फारशी उपयोगाची नाही.

बुलेटच्या टाकीवरील सोनेरी रेघ हाताने ओढण्याची परंपरा आहे. खेड्यात हे काम ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर नावे रंगवणारा पेंटर करतो. लांब केसांचा ब्रश एका दमात टाकीच्या गोलाईवरून न्यावा लागतो. मधे थांबल्यास जोड दिसतो, आणि मग रंग ओला असतानाच रेघ पुसून पुन्हा ओढतात.