छत आणि जमीन यांच्यामधला दाब: घरातील डान्स पोलची तपासणी आणि निगा

घरात बसवलेला डान्स पोल, म्हणजे लटकून आणि फेऱ्या घेऊन नाचण्यासाठीची उभी धातूची नळी, खांबासारखा जमिनीवर उभा आहे असे पाहणाऱ्याला वाटते. प्रत्यक्षात घरगुती वापराचे बहुतेक पोल जमीन आणि छत यांच्यामध्ये नुसते दाबून धरलेले असतात. त्यांना पायाशी बोल्ट नसतो आणि डोक्याशीही नसतो. बेसमधील, म्हणजे पोलच्या पायातील, स्क्रू फिरवून पोलची लांबी किंचित वाढवली जाते, वरची रुंद तबकडी, जिला डोम म्हणतात, छताला भिडते, आणि या रेट्यातून निर्माण होणारे घर्षण हीच पोलची सगळी पकड असते. म्हणून पोलच्या सुरक्षिततेची तपासणी म्हणजे मुळात या दाबाचीच तपासणी आहे. हा दाब डोळ्यांना दिसत नाही, आणि तो आपोआप कमीही होत जातो.

तो किती बारीक अंतरावर टिकून असतो, हे आकड्यांत पाहण्यासारखे आहे. पोलचा सर्वांत रूढ व्यास 45 मिलिमीटर आहे. नळीची जाडी 2 मिलिमीटर आणि लांबी अडीच मीटर धरली, आणि ही पोलादी नळी 300 किलो वजनाइतक्या बलाने दाबली, तर ती जेमतेम 0.14 मिलिमीटरने आखूड होते, म्हणजे माणसाच्या दोन केसांच्या जाडीइतकी. जमीन आणि छत दोन्ही अगदी ताठ असती, तर बेस एक दशांश मिलिमीटर खाली बसताच दोन तृतीयांशाहून अधिक दाब नाहीसा झाला असता. तसे होत नाही, कारण छत थोडे वर लवते आणि डोम व बेस यांखालचे रबरी थर स्प्रिंगसारखे काम करतात. मात्र हेच रबर सतत दाबाखाली राहिले की हळूहळू बसते. हे बसणे पहिल्या काही तासांत सर्वांत जास्त असते आणि नंतर मंदावते, म्हणून नव्याने उभारलेला पोल त्याच दिवशी पुरेसा घट्ट लागला तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा आवळावा लागतो. छताचा गिलावा, रंगाचा थर, गालिचा आणि लाकडी फरशी यांचेही असेच आहे.

या दाबावर भार किती येतो? साठ किलो वजनाची व्यक्ती पोलला धरून लटकली आणि तिचा गुरुत्वमध्य पोलपासून 40 सेंटीमीटर दूर राहिला, तर अडीच मीटर उंचीच्या पोलचे वरचे टोक सुमारे साडेनऊ किलो वजनाइतक्या बलाने बाजूला ओढले जाते. ही झाली स्थिर अवस्था. तीच व्यक्ती दीड सेकंदाला एक फेरी या वेगाने गरगरू लागली, की पोलवर बाहेरच्या दिशेने सुमारे 43 किलोइतका ओढा येतो. फेरी एका सेकंदात पूर्ण होऊ लागली, की हा ओढा 97 किलोच्या घरात जातो, कारण तो वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. पकड पोलच्या साठ टक्के उंचीवर असेल, तर यातील साठ टक्के वाटा डोमच्या वाट्याला येतो. त्यात लटकण्याचा ओढा मिळवला की बेरीज अडुसष्ट किलोच्या आसपास जाते. डोम आणि छत यांच्यातील घर्षणांक 0.5 मानला, म्हणजे दाबाच्या निम्म्या बलापर्यंत घर्षण तग धरते असे धरले, तर डोम जागेवरून सरकू नये यासाठी त्या क्षणी छतावर किमान 135 किलो वजनाइतका दाब असायलाच हवा. संथ गतीच्या सरावात निर्धोक वाटलेला पोल वेगवान फेरीत अचानक दगा देतो, त्याचे कारण बहुतेक वेळा या वर्गाच्या प्रमाणात दडलेले असते.

‘त्या क्षणी’ असे म्हणण्याचे कारण आहे. माणूस पोलवर चढला की त्याचे वजन सगळेच्या सगळे खाली जाते असा समज असतो. खरे तर वजनाचा काही भाग छतावरचा दाब कमी करण्यात खर्च होतो, आणि हा भाग किती मोठा असेल हे जमीन छताच्या तुलनेत किती मऊ आहे त्यावर ठरते. काँक्रीटवरच्या लादीवर बेस असेल, तर तो जवळपास हलत नाही आणि डोमची पकड फारशी घटत नाही. जाड गालिच्यावर मात्र बेस चढणाऱ्याच्या वजनाने खाली दबतो, त्याच्याबरोबर अख्खा पोल खाली सरकतो आणि वरची पकड नेमकी माणूस उंचावर असतानाच सैल पडते. त्यामुळे गालिचा बाजूला सारून बेस कडक पृष्ठभागावर टेकवणे हा माझ्या मते सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित उपाय आहे.

मग स्क्रू जमेल तितका पिळावा का? तसे करणे धोक्याचे आहे. समजा, स्क्रूचे आटे 2 मिलिमीटर अंतराचे आहेत आणि तो फिरवायचा दांडा 25 सेंटीमीटर लांब आहे. अशा स्क्रूमध्ये हाताचे बल सैद्धांतिकदृष्ट्या जवळपास 785 पट होते. आट्यांमधील घर्षणात यातील बहुतांश वाया जाते हे खरे, तरीही दहावा हिस्सा जरी उरला, तरी दांड्यावर लावलेल्या दहा किलोच्या जोराचे छतावर पावणेआठशे ते आठशे किलो होतात. इतक्या दाबाने गिलावा तडकतो आणि लाकडी छत वर उचलले जाते. फॉल्स सीलिंग किंवा टांगलेले जिप्सम बोर्ड यांचा तर विचारच करू नये; ते टांगलेले असतात, भार पेलण्यासाठी बनवलेले नसतात. डोमचे केंद्र भक्कम स्लॅबखाली किंवा तुळईच्या बरोबर मध्यावर यायला हवे. तुळई तिलाच ठोकलेल्या बोर्डाने झाकलेली असेल, तर छतावर लोहचुंबक फिरवल्यास बोर्ड ठोकलेल्या स्क्रूंची रांग सापडते आणि तिच्यावरून तुळईची दिशा कळते. तिरप्या छताखाली दाबाचा पोल लावूच नये, कारण तिथे दाबाचाच एक भाग डोमला बाजूला ढकलत राहतो.

आता प्रत्यक्ष तपासणीकडे वळू. ती दर सरावापूर्वी करायची असते आणि सवय झाली की तिला फार वेळ लागत नाही. पोल पहिल्यांदा नीट बसवल्यावर डोमच्या कडेला लागून छतावर पेन्सिलीने एक बारीक रेघ ओढून ठेवावी आणि बेसभोवती जमिनीवर चिकटपट्टीने खूण करावी. रेघ आणि कड यांच्यात फट दिसू लागली, तर डोम सरकला आहे असे समजावे, मग ती फट कितीही किरकोळ असो. असा पोल नुसता आवळून भागत नाही. तो सैल करून, पुन्हा ओळंब्यात आणून नव्याने बसवावा लागतो. पोल सरळ आहे की नाही हे स्पिरिट लेव्हल एकमेकींना काटकोनात असलेल्या दोन बाजूंनी लावून पाहावे, कारण एका बाजूने सरळ दिसणारा पोल दुसऱ्या बाजूने खुशाल कललेला असू शकतो. एका अंशाचा कल अडीच मीटर उंचीवर सुमारे 44 मिलिमीटर होतो, आणि कललेल्या पोलचा डोम सपाट न टेकता एका कडेवर टेकतो.

त्यानंतर दोन्ही हातांनी पोल खांद्याच्या उंचीवर धरून चारही दिशांना जोराने ओढून पाहावा. येथे अनेकांचा गोंधळ होतो, कारण पोल वाकताना दिसतो आणि मन घाबरते. मघाच्याच नळीला मध्यभागी 50 किलोच्या बलाने ओढले, तर ती सुमारे 13 मिलिमीटर लवते. हे पोलादाचे स्वाभाविक लवणे आहे; बल काढताच नळी आवाज न करता जागेवर येते आणि दोन्ही टोके हलत नाहीत. ढिलेपणाची लक्षणे वेगळी असतात. टोकाशी ‘टक्’ असा आवाज येतो, बेस किंचित फिरतो किंवा हाताला आधी थोडा मोकळा खेळ जाणवून मग अडकल्यासारखे लागते. ओढण्याच्या चाचणीनंतर लगेच वर न चढता, पाय जमिनीच्या जवळ ठेवून एकदा लटकावे, मग संथ फेरी घ्यावी आणि मगच उंची गाठावी.

ऋतू बदलतो तेव्हा ही तपासणी अधिक बारकाईने करावी. तापमानाला लोक नको इतका दोष देतात. दहा अंशांच्या फरकाने अडीच मीटर पोलाद 0.3 मिलिमीटरने कमीजास्त होते खरे, पण काँक्रीटही जवळपास तेवढेच प्रसरण पावत असल्याने पक्क्या इमारतीत फरक बराचसा भरून निघतो. लाकडाची गोष्ट निराळी आहे. हवा कोरडी झाली की लाकूड तंतूंच्या आडव्या दिशेने आकसते, आणि लाकडी छत किंवा फरशी असलेल्या खोलीत हे आकसणे मिलिमीटरभर सहज असू शकते. वर सांगितलेले दशांशाचे हिशेब लक्षात घेतले, तर एवढ्याने सगळा दाब निघून जायला वेळ लागत नाही.

बहुतेक पोल दोन किंवा अधिक तुकड्यांचे असतात आणि ते आतील फुगणाऱ्या जोडाने एकमेकांत घट्ट बसतात. जोडावरून नख फिरवून पाहावे. नख अडले, तर फट पडली आहे किंवा तुकडे एका रेषेत नाहीत. फिरणाऱ्या आणि स्थिर अशा दोन्ही पद्धतींनी वापरता येणाऱ्या पोलमध्ये बेसजवळ षटकोनी खाचेचे छोटे अ‍ॅलन स्क्रू असतात. स्थिर पद्धतीत ते पूर्ण आवळलेले आणि फिरत्या पद्धतीत पूर्ण सोडलेले हवेत. अर्धवट आवळलेला स्क्रू सर्वांत वाईट, कारण तो आतील धातूवर घासत राहतो आणि फेरीच्या मध्येच पकडतो किंवा सुटतो. स्क्रूच्या डोक्यावर आणि शेजारच्या धातूवर मिळून रंगाची एक आडवी रेघ मारून ठेवली, की स्क्रू जरासा फिरला तरी रेघ तुटलेली दिसते. यंत्रशाळांतही हीच युक्ती वापरतात. आटे बोथट झालेला स्क्रू किंवा षटकोनी खाच गोल झालेला स्क्रू तात्काळ बदलावा. पोल ज्यावर फिरतो त्या बेअरिंगमधून खरखर ऐकू आली, तर त्यावर पातळ तेल फवारण्याचा मोह आवरावा, कारण असे तेल आतले ग्रीस धुऊन काढते आणि शिवाय पोलवर ओघळून पकडही घालवते. बंद प्रकारचे बेअरिंग खराब झाले की बदलायचेच असते.

पृष्ठभागाची निगा हा सोपा भाग आहे. घाम, त्वचेचे तेल आणि लोशन यांचा थर पकड कमी करतो. त्वचा किंचित ओलसर असताना सर्वांत चांगली धरते, अगदी कोरडी किंवा घामाने निथळणारी असताना नाही, त्यामुळे सरावाच्या मध्येही पोल पुसावा लागतो. स्टेनलेस स्टील आणि क्रोम यांसाठी 70 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ कापड पुरते. पावडर कोटिंग आणि सिलिकॉन यांना सौम्य साबणाचे पाणी बरे. ब्लीच मात्र कोणत्याही धातूच्या पोलवर वापरू नये, कारण त्यातील क्लोरिनयुक्त संयुगांमुळे स्टेनलेस स्टीललाही सूक्ष्म खड्डे पडतात. पितळी पोलला अमोनिया असलेले काचेचे क्लीनर लावणे त्याहून घातक. ब्रिटिश फौजेची पितळी काडतुसे भारतातील तबेल्यांत साठवली असता पावसाळ्यात आपोआप तडकत, आणि जनावरांच्या मूत्रातून निघणारा अमोनिया त्याला कारणीभूत असल्याचे 1921 मध्ये स्पष्ट झाले. ताणाखालील पितळ आणि अमोनिया एकत्र आले की भेगा पडतात, आणि वापरताना पोल वाकतो तेव्हा त्यातील पितळावरही ताण येतोच. क्रोमचा थर एका मायक्रॉनपेक्षाही पातळ असू शकतो, म्हणून सरावापूर्वी अंगठ्या आणि बांगड्या काढाव्यात. थर सोलवटू लागला, तर त्याची धारदार कड त्वचा कापते आणि आत गंज धरतो. अशा जागी पॉलिश करून काही साधत नाही. तो तुकडा बदलावा लागतो.