पार्श्वभूमी : मैदानावर थांबलेलं हृदय आणि कोल्हापुरातले दोन सीपीआर

मॅच चालू असताना खेळाडू कोसळला की मिनिटाभरात ग्रुपवर मेसेज पडतो, 'अटॅक आला'. 12 जून 2021 ला पण तेच झालं. कोरोनाची दुसरी लाट, कोल्हापुरात निर्बंध, शाहू स्टेडियमवर शुकशुकाट, त्यामुळं शनिवारी रात्री साडेनऊला अख्खी पेठ आपापल्या घरात टीव्हीपुढं. युरो कपची मॅच, डेन्मार्क विरुद्ध फिनलंड, कोपनहेगन. हाफटाइमला दोन-तीन मिनिटं राहिलेली, साधा थ्रो-इन, आणि बॉल घ्यायला आलेला डेन्मार्कचा दहा नंबर, क्रिस्टियन एरिक्सन, कुणाचा धक्का नाही काही नाही, सरळ पुढं पडला. मैदानावरच छाती दाबून, मशीनचा शॉक देऊन त्याला वाचवलं, बाकीचं सगळं लिहीत बसत नाही. फक्त एवढंच की तो अटॅक नव्हता, आणि ह्या एका शब्दानं आपल्याकडं जेवढा घोळ घातलाय तेवढा दुसऱ्या कशानं घातला नसेल.

अटॅक म्हणजे हृदयाला रक्त पुरवणाऱ्या नळीत अडथळा. माणूस बहुतेक वेळा शुद्धीवर असतो, छातीत दुखतंय म्हणतो, घाम फुटतो, बोलत-बोलत दवाखान्यात जातो. कार्डियाक अरेस्ट वेगळं, तिथं हृदयाचं चालणंच थांबतं. शेतावर मोटर असलेल्याला हे पटकन कळतं. फुटव्हॉल्व्हला कचरा अडकला की पाणी कमी येतं, मोटर घरघरते पण फिरते. आणि एक फेज गेला की मोटर नुसती हुं हुं करत थरथरते, फिरत नाही, पाण्याचा थेंब येत नाही. तरण्या खेळाडूंच्या बाबतीत बऱ्याचदा हे दुसरं असतं, हृदय पूर्ण गप्प झालेलं नसतं, आतल्या आत नुसतं थरथरत असतं, आणि मेंदूला रक्त शून्य. आता पहिल्यातून दुसरं होऊ शकतं हे खरं, म्हणून तर गोंधळ वाढतो, पण पंचविशीतल्या पोराच्या नळ्या सहसा साफ असतात. त्याचं कारण बऱ्याचदा जन्मापासूनचं असतं, हृदयाचा स्नायू जाड झालेला, नाहीतर विजेच्या वायरिंगमध्ये फॉल्ट, किंवा मग नंतर तापामुळं हृदयाला आलेली सूज. पस्तिशीच्या पुढं मात्र नळ्यांचा नंबर पहिला.

गंमत अशी की मराठीत बरोबर शब्द होता. जुन्या बातम्यांत 'हृदयक्रिया बंद पडून निधन' असं छापून यायचं. नेमकं वर्णन आहे ते, ह्यापेक्षा चांगलं काय लिहिणार. मग कधीतरी 'हृदयविकाराच्या तीव्र झटक्यानं' सुरू झालं आणि सगळे मृत्यू त्याच साच्यात बसायला लागले. त्यात परत थांबलेलं हृदय चालू करायला मशीननं देतात तो विजेचा शॉक पण आपल्या बोलण्यात झटकाच. म्हणजे झटक्यानं पडला, झटक्यानं उठला. नवीन माणसानं काय समजायचं?

हा नुसता शब्दांचा कीस नाही. अटॅक म्हटलं की डोक्यात येतं जिभेखाली गोळी ठेवा, गाडी काढा, दवाखाना गाठा. अरेस्टमध्ये गाडी काढेपर्यंत खेळ संपलेला असतो. शॉक मिळाला नाही तर दर मिनिटाला वाचायची शक्यता साधारण 7 ते 10 टक्क्यांनी घटते, छाती दाबत राहिलं तर ती घसरण मंदावते. शाहू स्टेडियमवरून मिरजकर तिकटी, बिंदू चौक करत मॅच सुटायच्या गर्दीत रिक्षा किती मिनिटं घेईल ते आपलं आपण मोजायचं.

आणि दिसायला पण ते फसवं असतं. हृदय थांबलं तरी सुरुवातीला माणूस आचके देतो, मासा पाण्याबाहेर काढल्यासारखं तोंड उघडतं-मिटतं, हातपाय झटकतात. बघणाऱ्याला वाटतं श्वास चाललाय, नाहीतर फिट आलीय. मग कांदा फोड, चप्पल हुंगव, हातात किल्ल्यांचा जुडगा दे, हे सगळं सुरू. (फिटमध्ये पण ह्याचा काही उपयोग नसतो, पण तो वेगळा विषय.) कोपनहेगनमध्येसुद्धा टीमच्या डॉक्टरनं नंतर सांगितलं की आपण पोचलो तेव्हा नाडी आणि श्वास होता, मग अचानक चित्र बदललं आणि छाती दाबायला घेतली.

आता ह्या सगळ्यावर कोल्हापूरचा स्वतःचा एक वरचढ घोळ आहे. बाहेरच्यांसाठी सांगतो, आपल्याकडं सीपीआर म्हणजे छत्रपती प्रमिलाराजेंच्या नावाचा सरकारी दवाखाना. पिढ्यानपिढ्या तोच. आजी सीपीआरला होती, सीपीआर चौकात उतर, सीपीआरला दाखवलं का. छाती दाबण्याला जगभर सीपीआर म्हणतात हे इथं बऱ्याच जणांना मोबाइलवरच्या व्हिडिओतनं कळलंय. काही वर्षांपूर्वी मे महिन्यात गांधी मैदानावर दुपारची मॅच होती, आमचीच आपापसातली. एक पोरगं सेंटरलाइनजवळ गप्पकन बसलं आणि आडवं झालं. आमच्यातला एकजण कुठंतरी ट्रेनिंग करून आलेला, तो लांबून पळत ओरडला, 'सीपीआर! सीपीआर!' झालं. चौघांनी त्याला हातापायाला धरून उचललं आणि रिक्षाकडं पळाले, हा मागनं बोंबलतोय, 'अरे खाली ठेवा, हितंच, हितंच!', आणि रिक्षावाला विचारतोय, 'सीपीआरलाच न्हवं?' नशिबानं पोराला नुसती उन्हाची चक्कर होती, रिक्षाच्या हादऱ्यानंच जागं झालं आणि 'माझं बूट कुठायत' म्हणून विचारलं. आम्ही हसलो त्या दिवशी. नंतर विचार केला तेव्हा हसू आलं नाही. त्यामुळं माझं आपलं मत आहे, इथं ट्रेनिंग देताना सीपीआर शब्द वापरूच नये, 'छाती दाब' असं सरळ ओरडावं. मिनिटाला 100 ते 120 वेळा, पाचेक सेंटिमीटर खोल, दोन्ही हातांनी, छातीच्या मधोमध.

ही पद्धत तशी जुनी नाही. बाहेरून छाती दाबून रक्त फिरवता येतं हे अमेरिकेत 1960 मध्ये छापून आलं. शॉकचं मशीन अॅम्ब्युलन्समध्ये घालून रस्त्यावर आणलं ते 1965-66 मध्ये बेलफास्टमध्ये, गाडीच्या बॅटऱ्यांवर चालणारं अवजड धूड होतं ते. छातीत बसवायचं मशीन पहिल्यांदा 1980 मध्ये माणसात बसवलं, बाल्टिमोरला. फुटबॉलपर्यंत हे पोचायला मात्र भरपूर वेळ लागला, आणि ते पोचलं मेलेल्या पोरांवरून.

26 जून 2003, लियों, कॉन्फेडरेशन्स कपची सेमीफायनल. कॅमेरूनचा मिडफिल्डर 72व्या मिनिटाला मधल्या वर्तुळात पडला, आसपास कुणीच नाही. मैदानावर ऑक्सिजन, तोंडानं श्वास, मग स्ट्रेचर, बाहेर नेऊन 45 मिनिटं प्रयत्न. 28 वर्षांचा होता. हृदयाचा स्नायू जाड निघाला. सात महिन्यांनी, 25 जानेवारी 2004 ला पोर्तुगालमध्ये हंगेरीचा 24 वर्षांचा स्ट्रायकर यलो कार्ड बघून हसला, गुडघ्यावर हात ठेवून वाकला आणि मागं कोसळला. तो हसरा चेहरा ज्यांनी बघितलाय ते विसरणार नाहीत.

त्याच वर्षी आपल्याकडं. 5 डिसेंबर 2004, बेंगळुरू, फेडरेशन कपची फायनल. गोव्याच्या टीमचा ब्राझिलियन स्ट्रायकर दुसरा गोल मारताना गोलकीपरशी धडकला आणि उठलाच नाही. मॅच 2-0, दोन्ही गोल त्याचेच. पुढं सगळी चर्चा टकरीवर, गोलकीपरवर काही काळ बंदी पण आली, पण शेजारी डॉक्टर, मशीन, अॅम्ब्युलन्स काय होतं हा प्रश्न ओरड झाली तेवढ्यापुरताच राहिला. ते मला आजपण पटत नाही. कारण मार्च 2012 मध्ये त्याच शहरात, जिल्हा लीगच्या मॅचला एक पोरगं पडलं आणि त्याला रिक्षातून न्यावं लागलं. वाचलं नाही. सात वर्षं गेली होती मधे.

त्याच महिन्यात, 17 मार्च 2012 ला, लंडनमध्ये काय झालं बघा. एफए कपची मॅच, बोल्टनचा 23 वर्षांचा मिडफिल्डर पडला. प्रेक्षकांत एक हृदयाचा डॉक्टर बसलेला, समोरच्या टीमचा फॅन, तो बंदोबस्तावरच्या स्टुअर्डला पटवून मैदानात उतरला. 15 शॉक दिले एकूण, हृदय 78 मिनिटं स्वतःहून चाललं नाही, आणि पोरगा वाचला. ह्यात ऐकणाऱ्याच्या ध्यानात एक गोष्ट येत नाही, त्याला जवळच्या दवाखान्यात न नेता लांबच्या हृदयाच्या दवाखान्यात नेलं. हे परवडलं कारण वाटेत छाती दाबणं आणि शॉक थांबलेच नव्हते, दवाखाना गाडीतच चालू होता. महिन्याभरात इटलीत पेस्कारामध्ये 25 वर्षांचा खेळाडू गेला, तिथं अॅम्ब्युलन्सच्या वाटेत गाडी उभी होती. दोन्ही घटना अशा पाठोपाठ आल्या आणि 2013 मध्ये फुटबॉलच्या जागतिक संघटनेनं, फिफानं, मेंबर देशांना मशीन असलेली इमर्जन्सी बॅग पाठवली.

आधीच तपासून घ्यायचं की, असं कुणीही म्हणेल. इटलीत 1982 पासून कायदाच आहे, ईसीजीसकट तपासणी झाल्याशिवाय स्पर्धेत उतरता येत नाही, आणि तिथल्या व्हेनेतो भागात तरुण खेळाडूंचे असे मृत्यू जवळजवळ 89 टक्क्यांनी घटल्याचं 2006 मध्ये छापून आलं. पण इंग्लंडनं 1996 ते 2016 मध्ये 11,168 उगवत्या फुटबॉलर्सची ईसीजी आणि एको (हृदयाची सोनोग्राफी) दोन्ही करून तपासणी केली, 42 जणांत जीवघेणा दोष सापडला. तरी पुढं 8 जण हृदयानं गेले आणि त्यातल्या 6 जणांचे रिपोर्ट नॉर्मल होते. म्हणजे तपासणी करावीच, पण रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून मैदानावरचं मशीन वाचवू नये. डेन्मार्कचा तो पण वर्षानुवर्षं मोठ्या क्लबांत तपासण्या देऊन आलेलाच होता.

कोपनहेगनला वाद वेगळ्याच गोष्टीवर झाला. एका शॉकमध्ये गडी परत आला, शुद्धीवर दवाखान्यात गेला, आणि बाकीच्यांपुढं पर्याय ठेवले गेले, आज रात्रीच उरलेली मॅच खेळा नाहीतर उद्या दुपारी 12 ला. ते त्याच रात्री उतरले, आपल्याकडं तेव्हा बारा वाजलेले. पहिल्या हाफची उरलेली चार मिनिटं, पाच मिनिटांची सुट्टी, मग दुसरा हाफ. फिनलंडचा पूर्ण मॅचमधला एकमेव शॉट, तोच गोल, 0-1. आयोजकांचं म्हणणं, खेळाडूंनीच विनंती केली. डेन्मार्कच्या कोचचं म्हणणं, कोरोनाची केस निघाली तर 48 तासांपर्यंत मॅच ढकलता येते आणि हृदय बंद पडलं तर येत नाही, हा कसला नियम. मला कोचचं पटतं. मित्राची छाती दाबताना ज्यांनी समोर बघितली त्यांच्याकडं निर्णय देणं म्हणजे निर्णय घ्यायचं टाळणं. नंतर बाकीचे शहाणे झाले. डिसेंबर 2023 मध्ये बोर्नमथला ल्युटनचा कॅप्टन पडला तेव्हा मॅच तिथंच सोडली आणि मार्चमध्ये पहिल्या मिनिटापासून परत खेळवली. डिसेंबर 2024 मध्ये फ्लोरेन्सला 17व्या मिनिटाला एक पडला, ती मॅच पण त्या रात्री झाली नाही, उरलेली फेब्रुवारीत झाली.

राहिलं एरिक्सनला नंतर बसवलेलं छातीतलं मशीन. त्याला आपल्याकडं सरसकट पेसमेकर म्हणतात, हा पण एक घोळच. पेसमेकर मंद हृदयाला ठोके देतो. हे आयसीडी नुसतं लक्ष ठेवून असतं आणि थरथर सुरू झाली की आतनंच शॉक मारतं. इटलीत हे घालून खेळायला मनाई, त्यामुळं डिसेंबर 2021 मध्ये मिलानच्या क्लबनं एरिक्सनचा करार संपवला. इंग्लंडमध्ये क्लब आणि डॉक्टर ठरवतात, तिथं 26 फेब्रुवारी 2022 ला, म्हणजे 259 दिवसांनी, तो परत मैदानात. नेदरलँड्सचा एक डिफेंडर तर हेच मशीन घालून आधीपासून खेळत होता, कोपनहेगनच्या दुसऱ्याच दिवशी त्याची मॅच होती, खेळला आणि बाहेर येताना रडला.

16 जून 2024, श्टुटगार्ट, परत युरो, स्लोव्हेनियाविरुद्ध 17व्या मिनिटाला त्याच दहा नंबरनं गोल केला. 1,100 दिवस झाले होते. आमच्या ग्रुपवर लगेच एकाचा मेसेज, 'अटॅक येऊन पण गोल मारला लका, नाद खुळा!' मी खाली लिहिलं, अटॅक नव्हता तो. त्यावर नुसता एक अंगठा आला.