आयसीयूत अचानक डायलिसिस लागलं तर: जन आरोग्य योजनेची पात्रता, कागदपत्रं आणि अर्ज

पावसाळ्यातला लेप्टो किंवा मलेरिया, घोणस चावणं, नाहीतर रक्तात पसरलेला जंतुसंसर्ग. कारण कुठलंही असो, आयसीयूतल्या पेशंटची लघवी आटते आणि डॉक्टर बाहेर येऊन सांगतात, "डायलिसिस करावं लागेल, सही करा." त्यानंतर घरचे बहुतेक वेळा थेट कॅश काउंटरला धावतात. त्याआधी आरोग्यमित्राचं, म्हणजे योजनेसाठी रुग्णालयात बसणाऱ्या मदतनीसाचं टेबल गाठा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना कॅशलेस आहे, पैसे परस्पर रुग्णालयाला मिळतात. एकदा 'कॅश पेशंट' म्हणून भरलेलं डिपॉझिट परत मिळवायचं म्हणजे डोक्याला ताप.

पात्रतेबद्दल जुने समज अजून फिरतात. "आमचं कार्ड पांढरं आहे, आम्हाला कुठलं मिळतंय," असं म्हणून लोक चौकशीही करत नाहीत. पिवळं, केशरी, अंत्योदय, अन्नपूर्णा ही कार्डं आधीपासून होतीच. 28 जुलै 2023 च्या शासन निर्णयाने पांढरं कार्ड आणि कार्डच नसलेली, पण महाराष्ट्राचा अधिवास दाखला असलेली कुटुंबंही आत आली. विमा संरक्षण दर कुटुंबाला वर्षाला 5 लाख रुपये. सत्तरी ओलांडलेल्यांसाठी केंद्राचं आयुष्मान वय वंदना कार्ड आहे, त्याला उत्पन्नाची अट नाही. मात्र रुग्णालय योजनेच्या यादीत हवं. ते 155388 किंवा 1800 233 2200 वर विचारता येतं.

कागद फार नाहीत: रेशनकार्ड आणि पेशंटचं आधार किंवा फोटो असलेलं दुसरं ओळखपत्र. अडचण नावांची होते. सून लग्न होऊन आली, पण नाव अजून माहेरच्या कार्डावर. किंवा आधारवर 'सुनिता' आणि कार्डावर 'सुनीता'. अशा वेळी वाद घालत बसू नका, काय जोडलं तर चालेल ते आरोग्यमित्राला विचारा आणि गावाकडच्या माणसाला लगेच तहसील किंवा ग्रामपंचायतीत पाठवा. तातडीच्या पेशंटसाठी फोनवरून मंजुरी घेऊन उपचार सुरू करायची सोय आहे, कागद मागून येतात. म्हणून "आधी कार्ड आणा, मग बघू" हे उत्तर ऐकून गप्प बसू नका.

पुढची मंजुरी वैद्यकीय कागदांवर ठरते, आणि इथे थोडं समजून घेतलेलं बरं. कॉटच्या कडेला लटकणारी लघवीची पिशवी बघा. नर्स दर तासाला आकडा लिहिते. 70 किलोच्या माणसाला तासाला निदान 35 मिली लघवी व्हायला हवी. सलग सहा तास त्याखाली राहिली, किंवा 48 तासांत क्रिएटिनिन (किडनी रक्तातून बाहेर टाकते तो टाकाऊ घटक) 0.3 mg/dL ने चढलं, की डॉक्टर त्याला अक्यूट किडनी इंज्युरी, म्हणजे किडनीला अचानक झालेली इजा म्हणतात. म्हणून लगेच मशीन लावतात असं नाही. पोटॅशियम धोक्याला गेलं, रक्तात आम्ल साचलं, फुप्फुसात पाणी भरलं आणि औषधाने उतरेना, तर वेळ घालवत नाहीत. हे काही नसेल तर थांबणं चुकीचं नव्हे. 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात घाईने सुरू करून मृत्यू कमी झाल्याचं दिसलं नाही.

मंजुरीसाठी हेच लागतं: क्रिएटिनिन-पोटॅशियमचे तारीखवार रिपोर्ट, लघवीचा तक्ता, सोनोग्राफी, डॉक्टरांची नोंद. त्या नोंदीत 'अक्यूट' (अचानक झालेला) लिहिलंय की 'क्रॉनिक' (जुना, कायमचा), हे स्वतः विचारून घ्या. योजनेत दोन्हींची पॅकेजं, म्हणजे ठरवून दिलेले उपचार आणि त्यांचे दर वेगळे, आणि चुकीच्या शब्दावर फाइल अडकते.

सही करण्याआधी आणखी एक प्रश्न: डायलिसिस कोणतं? साधं चारेक तासांचं असतं. बीपी टिकत नसेल तर सावकाश, सहा ते बारा तास चालणारं स्लेड करतात. चोवीस तास चालणारं सीआरआरटी सगळ्यात महाग, कारण त्याचे फिल्टर आणि द्रव महाग. ते पॅकेजमध्ये बसतं का, वरचा खर्च कोणाचा, हे तिथेच विचारा.

योजनेत बसलंच नाही तर दोन वाटा. धर्मादाय रुग्णालयात 10 टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत असतात. उत्पन्नाची मर्यादा अनुक्रमे 1,80,000 आणि 3,60,000 रुपये. तहसीलदाराचा दाखला लागतो. दुसरी वाट मुख्यमंत्री सहायता निधी: उत्पन्न 1,60,000 च्या आत, खर्चाचं अंदाजपत्रक (खासगी रुग्णालय असेल तर जिल्हा शल्यचिकित्सकांनी प्रमाणित केलेलं), आधार, रेशनकार्ड, रिपोर्ट आणि दाखल पेशंटचा जिओ-टॅग (ठिकाणाची नोंद असलेला) फोटो. हा अर्ज पेशंट आत असतानाच करायचा, घरी आल्यावर नव्हे.

आयसीयूतून बाहेर आल्यावरही काहींना काही आठवडे डायलिसिस लागतं. ते जिल्हा रुग्णालयात प्रधानमंत्री राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमातून होऊ शकतं. डिस्चार्ज कार्डावर शेवटचं क्रिएटिनिन लिहून घ्या. तीन महिन्यांनी पुन्हा तपासायचं असतं आणि तेव्हा डॉक्टर पहिला तोच आकडा मागतात.