गुणांसाठी पैसे: बक्षीस की मोबदला?

चांगले गुण मिळवणाऱ्या मुलांना शाळेने रोख पैसे द्यावेत का, हा वाद दिसतो त्याहून जुना आहे. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला मॉनिटर पद्धतीच्या, म्हणजे मोठी मुले लहानांना शिकवत अशा शाळांत मुलांना चांगल्या कामाबद्दल तिकिटे मिळत आणि ती साठवून खेळणी घेता येत. १८६२ पासून इंग्लंडमध्ये शाळांचे अनुदानच वाचन, लेखन आणि गणिताच्या निकालाला बांधले गेले, पण तो पैसा शाळेला मिळे, मुलाला नाही.

या वादात सगळ्यात जास्त घोळ शब्दांचा आहे. शिष्यवृत्ती, बक्षीस, भत्ता, मोबदला हे शब्द आपण सर्रास एकमेकांच्या जागी वापरतो. बक्षीस काम झाल्यावर, देणाऱ्याच्या खुशीने मिळते. मोबदला आधी ठरतो. हा फरक किती खोल जातो ते १९७३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात दिसले. चित्रे काढायची मुळातच आवड असलेली तीन ते पाच वर्षांची मुले त्यासाठी निवडली होती. काहींना आधीच सांगितले की चित्र काढलेस तर सोनेरी शिक्का आणि फीत लावलेले प्रमाणपत्र मिळेल. काहींना तेच प्रमाणपत्र न सांगता, नंतर दिले. काहींना काहीच दिले नाही. पुढे वर्गात मोकळ्या वेळी रंगीत पेने ठेवली, तेव्हा ज्यांना बक्षीस आधी कबूल केले होते ती मुले इतरांच्या जवळपास निम्माच वेळ त्यांच्यापाशी रमली. अचानक बक्षीस मिळालेल्यांची गोडी कमी झाली नव्हती.

पैशाच्या विरोधात हा दाखला हमखास दिला जातो. पण त्यात पैसा नव्हताच, आणि आवड आधीपासून होती. ज्या मुलाला अभ्यासाची गोडीच लागलेली नाही, त्याच्याबद्दल हा प्रयोग काही सांगत नाही. माझ्या मते हे विसरल्यामुळेच चर्चा इतकी वर्षे तिथल्या तिथे फिरत राहिली.

मोठी कसोटी लागली ती अमेरिकेत, २००७ पासून. शिकागोत नववीच्या मुलांना दर पाच आठवड्यांनी प्रत्येक मुख्य विषयातल्या ‘ए’ श्रेणीला ५० डॉलर, ‘बी’ला ३५ आणि ‘सी’ला २० मिळत. एका विषयात नापास झाले तर त्या हप्त्याची सगळी रक्कम अडकायची. कमाईतली निम्मी रक्कम शाळेचे शिक्षण पूर्ण होईपर्यंत राखून ठेवलेली असे. श्रेणी थोड्या सुधारल्या, हजेरीही. प्रमाणित, म्हणजे सगळ्या शाळांना सारख्याच असलेल्या चाचणीतले गुण मात्र हलले नाहीत. न्यू यॉर्कमध्ये चौथी आणि सातवीच्या मुलांना थेट चाचणीतल्या गुणांवर पैसे दिले गेले, तिथेही निकाल बदलला नाही.

डॅलसमध्ये दुसरीच्या मुलांना गुणांचे नव्हे, वाचलेल्या पुस्तकाचे पैसे होते. पुस्तक वाचायचे, संगणकावर त्यावरची छोटी प्रश्नमंजुषा सोडवायची, ८० टक्के उत्तरे बरोबर आली की दोन डॉलर. इंग्रजीत चाचणी देणाऱ्या मुलांची वाचनाची समज वाढली.

हे असे का झाले, याचा धागा न्यू यॉर्कच्या मुलांशी झालेल्या बोलण्यात सापडतो. जास्त पैसे मिळवायला काय कराल, असे विचारल्यावर प्रश्न नीट वाचू, उत्तरे पुन्हा तपासू, असे ती सांगत. पाठ्यपुस्तक वाचीन, गृहपाठ पुरा करीन, शिक्षकांना अडलेले विचारीन, असे एकाही मुलाच्या तोंडून आले नाही. पैसे मुलांना हवे होते. ते मिळवायचा रस्ता कुणी दाखवला नव्हता. पुस्तक वाचणे सात वर्षांच्या मुलाच्या हातात असते. गुण तसे नसतात, आणि ते नसताना त्यांचा मोबदला ठरवणे हा मुलावर अन्याय आहे, असे मला वाटते.

ह्यूस्टनच्या पुढच्या प्रयोगात, २०१०-११ मध्ये, ही चूक टाळली. पाचवीच्या मुलांना गणितातला एकेक घटक पक्का केल्याबद्दल दोन डॉलर ठरले. गणित सुधारले. वाचनाचे पैसे नव्हते. त्याच मुलांचे वाचन घसरले, आणि घसरण झाली ती मुख्यतः आधीच मागे असलेल्यांची.