तीन पवित्र मशिदींची पार्श्वभूमी: मक्का, मदिना, जेरुसलेम

हदीसनुसार, म्हणजे पैगंबरांच्या वचनांच्या परंपरेनुसार, खास प्रवास करून जावे अशा मशिदी तीन आहेत: मक्केतील मस्जिद-अल-हराम, मदिनेतील मस्जिद-ए-नबवी आणि जेरुसलेममधील अल-अक्सा. शिया मुस्लिमांच्या मनात इराकमधील नजफ आणि करबला यांनाही फार मोठे स्थान आहे. तथापि या तिन्ही मशिदी शिया आणि सुन्नी अशा दोन्ही पंथांना पूज्य आहेत. तिथल्या वास्तू वारंवार पडल्या, जळल्या आणि नव्याने उभ्या राहिल्या, तरी जागेवरची श्रद्धा ढळली नाही, हे त्यांच्या इतिहासात विशेष जाणवते.

मस्जिद-अल-हरामच्या मध्यभागी असलेली घनाकृती वास्तू म्हणजे काबा; तो हजरत इब्राहिम आणि त्यांचे पुत्र हजरत इस्माईल यांनी उभारला, अशी मुस्लिमांची श्रद्धा आहे. पुढे तिथे अरब टोळ्यांच्या मूर्ती आल्या आणि देखभाल कुरैश टोळीकडे गेली. मुहम्मदांना पैगंबरत्व मिळण्याच्या काही वर्षे आधी कुरैशांनी काबा पुन्हा बांधला, तेव्हा ‘हजर-ए-अस्वद’ हा काळा पाषाण बसवण्याचा मान कोणाचा, यावरून घराण्यांत वाद पेटला. मुहम्मदांनी तो एका वस्त्रावर ठेवला, प्रमुखांना वस्त्राच्या कडा धरून उचलायला लावले आणि पाषाण स्वतःच्या हातांनी जागी बसवला, असे चरित्रग्रंथ सांगतात. ६३० मध्ये मक्का त्यांच्या ताब्यात आली आणि मूर्ती हटवल्या गेल्या. पुढेही काब्याला स्वस्थता लाभली नाही. उमय्या घराण्याच्या फौजेने मक्केला घातलेल्या ६८३ च्या वेढ्यात तो जळला. तेव्हा मक्केत उमय्यांविरुद्ध उभे राहिलेले अब्दुल्ला इब्न जुबैर यांनी तो वाढवून बांधला, पण त्यांच्या पराभवानंतर उमय्या सत्तेने तो पुन्हा कुरैशांच्या मापावर आणला. ९३० मध्ये करमाती या इस्माइली शिया गटाच्या बंडखोरांनी काळा पाषाणच उचलून नेला आणि तो परत यायला सुमारे दोन दशके लागली. आजची वास्तू मुख्यतः १६३० च्या महापुरानंतर उस्मानी (ऑटोमन तुर्की) सुलतान चौथा मुराद याच्या काळात बांधलेली आहे.

मदिनेची कहाणी अधिक साधी आहे. ६२२ मधील हिजरतीनंतर, म्हणजे मक्केहून मदिनेला झालेल्या स्थलांतरानंतर, पैगंबरांनी तिथे कच्च्या विटा आणि खजुराचे खोड वापरून मशीद बांधली. ६३२ मध्ये त्यांचे दफन लगतच्या, त्यांच्या पत्नी हजरत आयेशा यांच्या खोलीत झाले आणि आठव्या शतकातील विस्तारात ती जागा मशिदीच्या आत आली.

जेरुसलेम हा मुस्लिमांचा पहिला किब्ला, म्हणजे नमाज पढताना तोंड करण्याची दिशा. ६२४ च्या सुमारास नमाजाची दिशा काब्याकडे वळली. पैगंबरांच्या मेराजशी, म्हणजे स्वर्गारोहणाशी, हे शहर जोडले गेले आहे. छायाचित्रांत दिसणारा सोनेरी घुमट खलिफा अब्दुल मलिक याने ६९१-९२ मध्ये पूर्ण केलेल्या कुब्बत-अस-सखराचा (डोम ऑफ द रॉक) असून, अल-अक्सा मशिदीची मुख्य इमारत त्याच आवाराच्या दक्षिण टोकाला आहे. हा फरक बातम्यांतही अनेकदा पाळला जात नाही, याची खंत वाटते. हेच आवार ज्यूंच्या प्राचीन मंदिराचे स्थान असल्याने या जागेवरील संघर्षाचे मूळ इथेच आहे.

१०९९ मध्ये क्रुसेडरांनी शहर घेतले, ११८७ मध्ये सलाहुद्दीनने ते परत जिंकले आणि १५१६-१७ मध्ये तिन्ही शहरे उस्मानी सत्तेखाली आली. पहिल्या महायुद्धात ही सत्ता कोसळल्यावर पवित्र स्थळे खलिफाच्याच, म्हणजे उस्मानी सुलतानाच्याच, रक्षणाखाली राहावीत, हा भारतातील खिलाफत चळवळीचा प्रमुख आग्रह होता. तिचे नेते मौलाना मोहम्मद अली यांचे १९३१ मध्ये दफन झाले ते जेरुसलेमच्या याच आवारात. १९६७ पासून पूर्व जेरुसलेम इस्रायलच्या ताब्यात आहे. आवाराचे व्यवस्थापन मात्र जॉर्डनशी संलग्न वक्फ संस्थेकडे आहे. १९६९ मध्ये एका माथेफिरूने अल-अक्साला आग लावली, तीत सलाहुद्दीनने आणवलेला मिंबर (प्रवचनाचे व्यासपीठ) जळाला आणि त्याच वर्षी मुस्लिम देशांची संघटना स्थापन झाली.